दहाव्याला समोर बसलेलं लेकरू

मांजरा नदीच्या काठाला आमच्या गावाचा घाट आहे. घाट म्हणजे सिमेंटच्या चार पायऱ्या, एक पत्र्याचं शेड आणि पलीकडं बाभळी. 2022 च्या नोव्हेंबरात त्या शेडमध्ये मी मागं बायकांत बसले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचा दहावा होता. वडिलांनी आत्महत्या केली होती. त्या साली परतीच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच काळं पडलं होतं. सोसायटीचं कर्ज होतं, वर हातउसने होते. कळंब तालुक्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पिंड मांडला आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे होते, बाभळीवर बसून ओरडत होते, पण खाली उतरत नव्हते. पाऊण तास झाला. थोरल्या चुलत्यानं हात जोडून सांगितलं, "लेकरांचं शिक्षण मी करतो, जीव गुतवू नको." तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. डोकं भादरलेला तो मुलगा, तेरा वर्षांचा, त्या दर्भाच्या कावळ्याकडं बघत उभा होता. नंतर पुरुषांत येऊन चौथ्या रांगेत मांडी घालून बसला.

मग महाराजांचं प्रवचन झालं. आमच्या भागातले हे चांगले महाराज. बिदागीसाठी अडून बसत नाहीत, स्वतः शेती करतात, गळा गोड आहे. त्यांनी सांगितलं, नरदेह दुर्लभ आहे, चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून मिळतो, आणि जो तो असा टाकून देतो त्याला नरकातसुद्धा जागा नाही. आत्मा भटकतो, बघा, कावळासुद्धा शिवत नाही. ते असं का बोलले हे मला तेव्हाही कळत होतं. समोर बसलेल्या पुरुषांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर तसंच कर्ज होतं. त्यांच्या मनात तसा विचार येऊ नये म्हणून महाराज भीती घालत होते. शेवटी त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता घरातला कर्ता पुरुष तू. रडायचं नाही. माईला सांभाळायचं." बायका हुंदके देऊन रडल्या. मीही रडले. घरी येताना मला वाटत होतं, महाराज किती बरोबर बोलले.

पंधरा दिवसांनी तो शाळेत आला. रडत नव्हता, भांडत नव्हता, अभ्यास पूर्ण करून आणत होता. वर्गात चाळीस मुलं असली की अशा मुलाकडं लक्ष जात नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. त्याची धाकटी बहीण तिसरीत होती. एक दिवस मधल्या सुट्टीत ती माझा पदर धरून म्हणाली, "मॅडम, दादा खिचडी खात नाही. कावळ्याला घालतो."

मी बघायला गेले. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं, कंपाउंडच्या भिंतीला लागून तो उकिडवा बसला होता. ताटलीतली मटकीची खिचडी त्यानं भिंतीवर मुठीमुठीनं मांडली होती. पाच ढिगल्या, सारख्या अंतरावर. एका ढिगलीवर तीळ होते. ते त्यानं घरून कागदात बांधून आणले होते. मी शेजारी बसले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग भिंतीकडंच बघत त्यानं विचारलं, "मॅडम, नरकात पाणी मिळतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं शिकवतेय, डीएडला बालमानसशास्त्राचा पेपर लिहिलाय, आणि त्या प्रश्नापुढं मी गप्प बसले. तो पुढं म्हणाला, "आणि जागाच नाही म्हटल्यावर मग कुठं ठेवत असतील?"

त्याच आठवड्यात आणखी एक झालं. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की प्रकरण तहसीलला जातं, मग समितीसमोर. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख मिळतात, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. या घराची जमीन आजोबांच्या नावावर, कर्जही त्यांच्याच नावावर. प्रकरण अपात्र झालं. घरात दिवसभर तोच शब्द. मराठीच्या तासाला मी विरुद्धार्थी शब्द घेत होते तर त्यानं हात वर केला आणि विचारलं, "अपात्र म्हणजे नालायक का?"

त्या रात्री मी 14416 ला फोन लावला. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 मध्ये ही सेवा सुरू झाली होती, आमच्या केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर नंबर टाकलेला होता. पलीकडं मराठीत बोलणारी मुलगी होती, घाईत नव्हती. तिनं मला विचारलं ते मी अजून वर्गात वापरते: झोपतो का, जेवतो का, खेळतो का, मित्रांत जातो का, मरणाबद्दल बोलतो का. आणि सांगितलं की मरावंसं वाटतं का हे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं घेऊन जा, असंही म्हणाली.

नंबर होता, दवाखाना होता, पण आईला पटेना. "माझं लेकरू काय येडं झालंय का मॅडम?" आजीचं म्हणणं वेगळंच. बाप भटकतोय, तोच पोराला धरून बसलाय. महाराजच म्हणाले ना तसं. आजीनं पलीकडच्या गावच्या देवऋष्याकडून गंडा आणून दंडात बांधला होता आणि अमावास्येला बसवायचं ठरलं होतं. भूत काढायचं म्हणून मिरचीची धुरी देणं, दोरानं बांधणं, मारणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, हे मी त्या घरात सांगून बघितलं. पण सून होऊन गावात आलेल्या मास्तरणीच्या तोंडून कायदा ऐकून कोण थांबतं? आजी मला म्हणाली, "बाई, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. महाराजांनी सांगू द्या."

म्हणून मी महाराजांकडं गेले.

ते रानात होते, हरभऱ्याला पाणी सुरू होतं. मी खिचडीच्या पाच ढिगल्या सांगितल्या. नरकातल्या पाण्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "ताई, मी शास्त्राला सोडून काही बोललो नाही." मी शास्त्र शिकलेली नाही. पण दरवर्षी सप्ताहात त्यांचं कीर्तन ऐकते, तेवढ्या बळावर विचारलं, "महाराज, माउलींचे आई-वडील कसे गेले?"

हे त्यांनीच आम्हाला शंभर वेळा सांगितलेलं. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून संसार केला, आळंदीनं वाळीत टाकलं, लेकरांच्या मुंजीसाठी विचारलं तर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि दोघं नवरा-बायको चार लेकरं मागं ठेवून गेली. हा प्रसंग आला की आमचा मंडप रडतो. मी म्हणाले, "त्या चार लेकरांपुढं दहाव्याला कुणी उभं राहून म्हणालं असतं, तुमच्या बापाला नरकात जागा नाही, तर?"

महाराज दारं धरता धरता थांबले. पाणी सरी फोडून भलतीकडं गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ताई, म्हणालेच होते की लोक. संन्याशाची पोरं म्हणून भिक्षासुद्धा घातली नाही." आणि मग हळू, "मी त्या लोकांत जाऊन बसलो की हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्या घरी आले. फेटा नाही, उपरणं नाही, सोबत कुणी नाही. मी आणि मुलाची आई ओट्यावर, ते दोघं अंगणात बाजेवर, सगळ्यांना दिसतील असे. महाराजांनी काही सांगितलं नाही आधी. टाळ कसा चाललाय विचारलं. तो मुलगा आमच्या भजनी मंडळात टाळकरी होता आणि वडील गेल्यापासून त्यानं टाळ हातात घेतला नव्हता. मग म्हणाले, "घाटावर मी चुकीचं बोललो. तुझ्या बापाबद्दल तसं बोलायला नको होतं. ते आजारी होते. पोटात दुखतं तसं मनात दुखत होतं आणि ते कुणाला कळलं नाही, मलाही नाही. त्याच्यात पाप नाही." मुलगा खाली बघत बाजेची सुतळी ओढत होता. महाराजही गप्प बसले. मला वाटलं आता ते एखादा दृष्टान्त सुरू करतील. नाही केला. खूप वेळ नुसते बसून राहिले. माझ्या मते त्या दिवशी त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

मुलगा अखेर बोलला. आम्हाला ऐकू आलं नाही, महाराजांनी नंतर त्याला विचारून, त्याच्यासमोरच आईला सांगितलं. आदल्या दिवशी त्यानं वडिलांकडं सहलीचे 400 रुपये मागितले होते. नाही म्हटल्यावर रुसून जेवला नव्हता. तेव्हापासून महिनाभर तो हे एकटा घेऊन फिरत होता, आणि त्यावर आम्ही "आता कर्ता तू, रडायचं नाही" हे ठेवून दिलं होतं. आई धावत आली आणि त्याला पोटाशी धरून मोठ्यानं रडली. तोही रडला. आजी आतून म्हणाली, "रडू नको रे राजा," तर महाराज म्हणाले, "रडू द्या आजी. लेकरू आहे ते."

दवाखान्याचं त्यांनी दोन वाक्यांत मिटवलं. "आजी, मला मागच्या साली डेंगी झाला, प्लेटलेट कमी झाल्या, तेव्हा मी अंगारा लावून घरी बसलो होतो का? सोमवारी मी येतो तुमच्यासंगं." आणि खरंच आले. सकाळच्या एसटीनं धाराशिवला, आई, मुलगा, मी आणि ते. केसपेपरच्या रांगेत उभे राहिले. मानसोपचार विभागाच्या दारासमोर बाकावर बसलेल्या महाराजांना ओळखून एक म्हातारा पाया पडला आणि बाजूला बसून हळूच म्हणाला, "माझ्या नातवाला दाखवायला आणलंय, गावात सांगू नका." महाराज म्हणाले, "मी पण इथंच बसलोय की, लपवायचं काय?"

पुढचं काम समुपदेशकांचं होतं, ते त्यांनी केलं. सहा-सात खेपा झाल्या. गोळ्या लागल्या नाहीत. झोप आधी आली, मग जेवण. खिचडी भिंतीवर मांडणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येणार नाही.

नुकसान चारचौघांत झालं होतं, भरपाई अंगणात होऊन भागणार नव्हतं, हे महाराजांच्या मनात राहिलं. आमच्या गावचा सप्ताह हनुमान जयंतीला उठतो. एप्रिल 2023 मध्ये सहाव्या दिवशीची सेवा त्यांची होती. त्यांनी ताटीचा प्रसंग घेतला. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानेश्वर महाराज झोपडीचं दार लावून आत बसले, आणि दाराशी येऊन उभी राहिली ती चौघांतली सगळ्यात धाकटी, मुक्ताई. ताटी उघडा ज्ञानेश्वरा. हा प्रसंग मी किती वेळा ऐकलाय, पण दाराआड बसलेला मुलगा आणि दाराबाहेर उभी असलेली लहान बहीण म्हणून कधी बघितला नव्हता. मला एकदम तिसरीतली ती पोरगी आणि तिच्या मुठीतला माझा पदर आठवला. त्यानंतर महाराज वीणेकऱ्याकडं बघून थांबले आणि नारदाच्या गादीवरून म्हणाले की मागं घाटावर मी एका घरच्या माणसाबद्दल बोललो ते चुकीचं होतं, ते मी परत घेतो. आत्महत्या करू पाहणाऱ्याला आधी शिक्षा होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की तो माणूस भयंकर ताणात असतो असं धरून चालायचं आणि त्याला मदत द्यायची. सरकारला कळलं ते संतांच्या घरच्या माणसाला आधी कळायला हवं होतं. टाळकऱ्यांत कुजबुज झाली. एकदोन वडीलधारी नाराज झाली, भीती गेली तर माणसं आणखी करतील म्हणाली. महाराज त्यांना नंतर पारावर भेटले आणि म्हणाले, भीती मी पंधरा वर्षं घालतोय, कुणी थांबलेलं दिसलं नाही. उलट ज्याला तसं वाटतंय तो पापाच्या लाजेनं बोलायचाच बंद होतो.

त्याच उन्हाळ्यात आम्ही मंदिराच्या सभामंडपात आसपासच्या नऊ महाराजांना बोलावलं. आशाताई, जिल्हा रुग्णालयातले एक समुपदेशक आणि मी. चहा, पोहे आणि दोन तास गप्पा, एवढंच. एकानं सुरुवातीलाच विचारलं, "आम्ही आता डॉक्टर व्हायचं का?" समुपदेशक म्हणाले, अजिबात नाही, तुम्ही फक्त आमच्यापर्यंत आणायचं. मग बोलणं मोकळं झालं. दहाव्याच्या प्रवचनात माणूस कसा गेला याचं वर्णन करायचं नाही. पूर्वजन्मीचं कर्म लेकराच्या गळ्यात घालायचं नाही. तेरा वर्षांच्या पोराला कर्ता पुरुष करायचं नाही. पोरगी असेल तर "आता तुझ्या लग्नाचं कसं" हे तर तिच्यासमोर मुळीच नाही. एका तरुण महाराजांनी मनापासून विचारलं की एखादं लेकरू आम्हाला गुरू मानून काही गुपित सांगतं, कुणी त्याच्याशी वाईट वागलंय असं, तर ते गुपित ठेवायचं ना? नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गादीवर बसणाऱ्यालाही. तेव्हा मंडपात शांतता झाली, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आठव्या-नवव्या वर्षी घर सोडून निवासी संस्थेत पखवाज, गायन शिकलेलं होतं, आणि रात्री रडू आलं तर कुणाकडं जायचं हे त्यांना त्या वयात कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा प्रत्येक ठिकाणी भिंतीवर, हरिपाठाच्या फळ्याशेजारी, 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर लिहिलेला असावा, हे त्यांच्यातलेच एक जण म्हणाले.

महाराजच का, असं मला शाळेतले सहकारी विचारतात. 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात शेतीवर जगणाऱ्या 4,248 जणांनी जीव दिल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं आहे. शेतकरी वेगळे, मजूर वेगळे, असे रकाने आहेत. मागं किती लेकरं राहिली हा रकाना मला कुठं दिसला नाही. त्यांच्यापर्यंत आशाताई पोचते, पण तिच्याकडं हजार लोकसंख्या आणि ढीगभर नोंदवह्या. मी पोचते, पण मुलगा शाळेत परत आल्यावर. समुपदेशक तर कुणी घेऊन गेलं तरच. गावातल्या प्रत्येक मरणाच्या घरी दहा दिवसांच्या आत जाऊन, त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस एकच आहे. तो काय बोलतो ते लेकरू जन्मभर धरून ठेवतं. मी ते धरलेलं बघितलंय, मटकीच्या खिचडीत तीळ घातलेले.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. कीर्तनाला अजूनही येत नाही. महाराज बोलावत नाहीत, भेटले की अभ्यासाचं आणि कबड्डीचं विचारतात. नोव्हेंबर आला की त्याला जड जातं, त्या महिन्यात आई त्याला एकदा धाराशिवला नेऊन आणते, आता एकटीच नेते. सहल यावर्षी रायगडला गेली, तो गेला होता.

आणि महाराजांचा मला अधूनमधून फोन येतो, बहुतेक सकाळी सहाच्या सुमारास, घाटावर निघायच्या आधी. रामराम झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, त्या घरी लेकरं किती? केवढाली आहेत?"